अर्थबाउंड: काही महिने खेळल्यानंतर

पावसाळ्यात सुरू केलेला 'अर्थबाउंड' हा व्हिडिओ गेम दिवाळीनंतर संपला आणि लगेच पुन्हा सुरू केला. निन्टेंडोच्या 'स्विच' या गेमिंग कन्सोलवर, स्विच ऑनलाइनच्या वर्गणीत तो २०२२पासून मिळतो. मूळ जपानी 'मदर २', १९९४चा. कर्ते शिगेसातो इतोई जाहिरातींच्या ओळी लिहिणारे नामवंत लेखक. गेम बनवणं हा त्यांचा पेशा नव्हता, आणि हे पदोपदी जाणवतं.

इथे राजवाडे नाहीत, राक्षसांच्या गुहा नाहीत. टोपी घातलेला नेस नावाचा मुलगा हातात बेसबॉलची बॅट घेऊन निघतो आणि त्याच्या अंगावर हिप्पी, कुत्री, पिसाळलेल्या टॅक्स्या धावून येतात. हरलेलं कुत्रं मरत नाही, माणसाळतं. माणूस भानावर येतो.

नेसचे बाबा अख्ख्या गेममध्ये फक्त फोनवर भेटतात. गेम सेव्ह करायचा तर त्यांनाच फोन लावायचा. ते बँकेत पैसे भरतात, आणि फार वेळ खेळत बसलं की स्वतःहून फोन करून 'जरा विश्रांती घे' म्हणतात. नेसला घरची आठवण येते, मग लढाईत त्याचं लक्ष लागत नाही. आईशी बोललं की गडी पुन्हा ताजातवाना. सुरुवातीला आपला आवडता पदार्थ विचारतात. मी पोहे लिहिले होते आणि विसरूनही गेले होते. पुढे दमूनभागून ऑनेटला, म्हणजे नेसच्या गावी, घरी गेले तर आईने पोहेच खायला घातले. मला अगदी भरून आलं.

लढाईत तब्येतीचे आकडे पाण्याच्या मीटरसारखे हळूहळू फिरतात. जीवघेणा फटका बसला तरी शून्य येईपर्यंत आपण जिवंतच. तेवढ्यात औषध दिलं किंवा शत्रूला लोळवलं तर वाचलो. काय थरार येतो! तीस वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही नवी वाटते.

एका धबधब्यामागे परवलीचा शब्द मागतात. उत्तर काय, तर तीन मिनिटं गप्प उभं राहायचं. त्यानंतर सॅटर्न व्हॅली नावाच्या गावात कॉफी प्यायलात की खेळ थांबतो, पडद्यावर मजकूर सरकू लागतो आणि लेखक थेट तुमच्याशी बोलतो. इथवरच्या वाटचालीची आठवण करून देतो, धीर देतो. लोक इतोईंवर एवढा जीव का टाकतात, ते मला तिथे कळलं.

त्रास आहे तो सामानाचा. प्रत्येकाला चौदाच वस्तू बाळगता येतात आणि टाकता न येणाऱ्या वस्तूही त्यातच जागा अडवतात. बहिणीला फोन करून सामान न्यायला माणूस बोलवायचा, वर त्याचे पैसे मोजायचे. सुरुवातीला नेस एकटा असतो तेव्हा मारही फार खावा लागतो; स्विचवर खेळ मागे नेता येतो म्हणून निभावतं.

हा गेम बनताना पार अडकला होता. मदतीला आलेले प्रोग्रामर सातोरू इवाता (पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष) यांनी सांगितलं, आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं, नव्याने लिहू दिलंत तर सहा महिने. नव्याने लिहिलं म्हणून तो आपल्या हातात आला. १९९५मध्ये अमेरिकेत तो फारसा खपला नाही, पण ज्यांनी खेळला त्यांनी सोडला नाही. २००६चा पुढचा भाग 'मदर ३' निन्टेंडोने इंग्रजीत आणलाच नाही, तेव्हा चाहत्यांनी स्वतः त्याचं भाषांतर करून २००८मध्ये फुकट वाटलं. 'अंडरटेल' हा गाजलेला गेम करणारे टोबी फॉक्सही याच गोतावळ्यातले.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी हाच खेळावा. पहिला भाग, 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज', त्याच वर्गणीत आहे, पण तो जास्त अवघड आणि रेंगाळणारा आहे. नेसची गोडी लागल्यावर त्याच्याकडे वळा.