हार्थस्टोन: ॲग्रो आणि कंट्रोल, दोन्ही बाजूंनी खेळल्यावर

हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात ॲग्रो (झटपट हल्ला) विरुद्ध कंट्रोल (आधी बचाव) हा वाद खेळाइतकाच जुना आहे. कंट्रोलवाले म्हणतात, ॲग्रोला डोकं लागत नाही, नुसतं समोरच्या हिरोवर मारत सुटायचं. ॲग्रोवाले म्हणतात, कंट्रोलवाला स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्यालाही काही करू देत नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी दोन्ही प्रकारचे डेक आलटून पालटून खेळतेय, बहुतेक वेळ वाइल्डमध्ये (जुने-नवे सगळे पत्ते चालतात) आणि मधून मधून स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडचे). पायरेट डेक (ॲग्रो) आणि वॉरियर या क्लासचा, म्हणजे हिरोच्या प्रकाराचा, जुन्या धाटणीचा कंट्रोल डेक हे माझे मुख्य दोन. आता माझं ठाम मत झालंय की चांगला ॲग्रो आजूबाजूला असेल तरच कंट्रोल खेळण्यात अर्थ राहतो, आणि चांगला कंट्रोल असेल तरच ॲग्रोला विचार करावा लागतो. तोल बिघडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लिझर्डने तो मार्च २०१४ मध्ये आणला. प्रत्येकाकडे ३० पत्त्यांचा डेक आणि ३० हेल्थ. पत्ते खेळायला माना खर्च करावा लागतो: पहिल्या टर्नला १ मिळतो, मग दर टर्नला एकेक वाढत १० पर्यंत जातो. ॲग्रो डेकमध्ये बहुतेक पत्ते १ ते ३ मानाचे असतात आणि समोरच्याचे महागडे पत्ते खेळात येण्याआधी त्याची हेल्थ संपवणं हा बेत असतो. कंट्रोल डेक सुरुवातीचा मारा झेलतो, बोर्ड साफ करतो आणि शेवटी आपल्या जड पत्त्यांच्या जोरावर जिंकतो.

या खेळात हल्ला करणाराच ठरवतो की आपला मिनियन, म्हणजे बोर्डवर उतरवलेला लढवय्या पत्ता, कुणावर मारायचा, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे. मॅजिकमध्ये, म्हणजे १९९३ पासून चालत आलेल्या त्या मूळ पत्त्यांच्या खेळात, बचाव करणारा ठरवतो की आपल्या कुठल्या प्राण्याने कुणाला अडवायचं. शिवाय तिथे समोरच्याच्या टर्नमध्येही पत्ते खेळता येतात, त्याचा मंत्र हवेतच रद्द करता येतो. हार्थस्टोनमध्ये समोरच्याची टर्न चालू असताना आपण फक्त बघत बसतो. आधी लावून ठेवलेलं एखादं सीक्रेट सोडलं तर हातात काही नसतं. टॉन्ट असलेला मिनियन (आधी त्यालाच मारावं लागतं) मध्ये उभा नसेल तर समोरचा सरळ फेसला, म्हणजे आपल्या हिरोवर, जाणार. म्हणून इथला कंट्रोल एका झटक्यात बोर्ड साफ करणाऱ्या पत्त्यांवर जगतो, आणि असा पत्ता किती मानाला मिळतो यावर पूर्ण मेटा, म्हणजे त्या काळात कुठले डेक चालतात ते, हलतो.

आकड्यांत बघा. पहिल्या टर्नला टाकलेला २ अटॅकचा मिनियन कुणी मारला नाही, तर पाचव्या टर्नपर्यंत तो एकटा ८ डॅमेज करून जातो. तोच पत्ता पाचव्या टर्नला टाकला तर सहाव्याला जेमतेम २. त्यामुळे पायरेट डेक खेळताना पहिल्या तीन टर्न्समधला एकही माना वाया गेलेला परवडत नाही. दुसऱ्या बाजूला वॉरियरचा ब्रॉल ५ मानाचा: बोर्डवरचे सगळे मिनियन मरतात, नशिबाने एक उरतो. मेज क्लासचा बोर्ड साफ करणारा फ्लेमस्ट्राइक ७ मानाचा. म्हणजे पाचव्या ते सातव्या टर्नला दोन्ही बेत समोरासमोर येतात आणि सामना बहुतेक तिथेच फिरतो. २०१७ मध्ये वॉरलॉक क्लासला डिफाइल मिळाला, अवघ्या २ मानाचा. सगळ्यांना १ डॅमेज, कुणी मेलं तर पुन्हा १, परत कुणी मेलं तर पुन्हा. बोर्डवर १, २, ३ हेल्थचे मिनियन ओळीने ठेवणाऱ्याची फौज एका पत्त्यात जायची. हा माझा अतिशय आवडता पत्ता आहे, कारण तो स्वस्त असूनही आयता मिळत नाही. वापरणाऱ्याला आधी हेल्थची साखळी जुळवावी लागते, आणि समोरच्यालाही ती तोडून मिनियन मांडता येतात.

ॲग्रोला डोकं लागत नाही म्हणणाऱ्यांनी वॉरियरसमोर चौथ्या टर्नला खेळून बघावं. हातात चार मिनियन आहेत, माना पुरेसा आहे, पण सगळे टाकले आणि पुढच्या टर्नला ब्रॉल आला तर डाव गेला. दोनच टाकले तर डॅमेज कमी पडतं आणि त्याला श्वास घ्यायला एक टर्न मिळते. बदाम सातमध्ये हातातली अठ्ठी अडवून ठेवावी की सोडावी हा जो पेच असतो, अगदी तोच. माझं गणित साधं आहे: बोर्डवर जेवढं आहे तेवढ्याने दोन टर्नमध्ये सामना संपणार असेल तर हातातलं हातात राहू द्यायचं. संपणार नसेल तर मात्र घाबरून थांबण्यात काही राम नाही, कारण वॉरियर दर टर्नला हिरो पॉवरने (हिरोच्या स्वतःच्या शक्तीने) २ आर्मर, म्हणजे हेल्थवरचं जादा कवच, घेत असतो आणि वेळ त्याच्या बाजूचा असतो.

कंट्रोल खेळताना कसब वेगळ्याच ठिकाणी लागतं. काय मारायचं यापेक्षा काय मारायचं नाही हे ठरवणं अवघड जातं. आपली हेल्थ ३० असते आणि शेवटचा १ सोडून बाकीचे २९ खर्च करायलाच असतात. वॉरलॉक तर हिरो पॉवरने उघडपणे ते खर्च करतो: २ माना, २ हेल्थ, बदल्यात एक पत्ता. वॉरलॉकच्या जुन्या हँडलॉक डेकचं सौंदर्य त्यातच होतं. मोल्टन जायंट २० मानाचा, पण आपल्या हिरोला जेवढं डॅमेज झालंय तेवढा तो स्वस्त. हेल्थ १० वर आली की ८/८ चा (८ अटॅक, ८ हेल्थ) राक्षस फुकट. त्यामुळे फेस हंटर (हंटर क्लासचा ॲग्रो डेक) खेळणाऱ्यालाही एका टप्प्यावर हात आखडावा लागायचा. समोरच्याला १२-१३ वर ठेवून एका टर्नमध्ये संपवण्याइतकं डॅमेज हातात साठवायचं आणि मगच तुटून पडायचं. आक्रमकाने थांबायचं आणि बचाव करणाऱ्याने मार खाऊन घ्यायचा, अशी ती उलटी लढत. २०१६ मध्ये जायंटची किंमत २५ केली गेली आणि हा डेक विस्कटला. २०१८ मध्ये जायंट स्टँडर्डमधून बाहेर पडताना पुन्हा २० झाला. ती लढत ज्यांनी खेळली आहे त्यांना तोल म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा नीट उमगली. ॲग्रो की कंट्रोल हे डेकवर लिहिलेलं नसतं, समोर कोण आहे यावर ठरतं. माझ्या पायरेटसमोर दुसरा पायरेट आला आणि त्याने पहिली चाल केली असेल, तर मी कंट्रोल आहे. त्याचे मिनियन मारायचे, हत्यार फेसवर न चालवता बोर्डवर चालवायचं, आणि त्याचा हात रिकामा झाला की मग उलटून यायचं. तसंच दोन कंट्रोल डेक समोरासमोर आले की ज्याच्याकडे शेवटचे पत्ते कमकुवत त्याने आधी हल्ला सुरू करायला हवा. फटीगपर्यंत थांबला तर तो हरणारच. डेक संपल्यावर पत्ता ओढायला गेलं की आधी १, मग २, मग ३ असं डॅमेज वाढत जातं, आणि तिथे आर्मरवाल्याशी गाठ कुणीही घालू नये.

आता बिघाडाकडे येते. सुरुवातीच्या काळातले गाजलेले काही नर्फ, म्हणजे कंपनीने पत्ते कमजोर केल्याचे प्रसंग, आठवून बघा. अंडरटेकर, जानेवारी २०१५. स्मॉल-टाइम बकॅनियर, फेब्रुवारी २०१७. दोन्ही १ मानाचे पत्ते. त्याच बकॅनियरसोबत शमन क्लासचं स्पिरिट क्लॉज हे हत्यारही १ वरून २ मानाचं झालं. १ मानाचा पत्ता जास्त ताकदवान झाला की काय होतं याचा हिशोब मी करून बघितला. डेकमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत, तुमची चाल पहिली आहे, आणि मलिगनमध्ये (सुरुवातीला मिळालेले पत्ते बदलण्याच्या संधीत) तो मिळेपर्यंत तुम्ही तिन्ही पत्ते बदलताय. तरी पहिल्या टर्नला तो हातात असण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. म्हणजे दहातल्या चार सामन्यांत समोरचा उभाच राहू शकत नाही आणि उरलेल्या सहांत तुमचा डेक साधारण. अशा वेळी दोघांच्याही निर्णयांना किंमत उरत नाही. एप्रिल २०२० मध्ये डीमन हंटर हा नवा क्लास आला तेव्हा तर एका दिवसात त्याचे पत्ते कमजोर करावे लागले. इतक्या लवकर पाऊल उचललं याचं मला कौतुकच वाटलं होतं, आणि नर्फ झालेल्या पत्त्याची पूर्ण डस्ट (पत्ते बनवायला लागणारं खेळातलं चलन) परत देण्याची पद्धतही रास्त आहे.

पण माझ्या मते ॲग्रोपेक्षा मोठा धोका हातातून येणाऱ्या डॅमेजचा. बोर्डवर मिनियन आला, पुढच्या टर्नला मारणार, तर मधल्या टर्नमध्ये मला उत्तर देता येतं. यालाच मी सचोटीचा ॲग्रो म्हणते. रिकाम्या बोर्डवरून एका टर्नमध्ये २०-२५ डॅमेज आलं तर उत्तर द्यायची जागाच नाही. लीरॉय जेनकिन्स सप्टेंबर २०१४ मध्ये ४ वरून ५ मानाचा झाला तो त्याचमुळे: तो आल्या आल्या मारतो, आणि रोग क्लासचे दोन शॅडोस्टेप (मिनियन परत हातात आणणारे) जोडले की एकटा १८ डॅमेज करायचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉरसाँग कमांडर बदलला, तोही तसाच. असे डेक मेटात वाढले की सगळ्यात आधी कंट्रोल मरतो, कारण त्याचे बोर्ड साफ करणारे पत्ते हातात पडून राहतात. कंट्रोल मेला की ॲग्रोला रोखणारं कुणी उरत नाही. मग लोक ॲग्रोला शिव्या घालतात, आणि त्या चुकीच्या पत्त्यावर जातात.

दुसरा बिघाड कंट्रोलच्या बाजूचा: डिस्कव्हर (तीन पत्त्यांतून एक निवडून हातात घेणं) आणि तशा इतर मार्गांनी पत्त्यांतून पत्ते काढत राहणं. मी पायरेट खेळताना मोजत असते की वॉरियरकडे ब्रॉल दोन, एक गेला, एक बाकी. ही मोजणी हा माझ्या खेळाचा अर्धा भाग आहे. समोरच्याने तिसरा आणि चौथा कुठून तरी पैदा केला की ती मोजणी वायफळ ठरते. पत्ता मुळातून कमकुवत असला तरी चालेल, पण तो डेकमधला असावा.

आता लॅडरबद्दल, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांबद्दल. जिंकलं की एक स्टार मिळतो, हरलं की एक जातो. इथे ॲग्रोला जी ओढ आहे ती पत्त्यांमुळे कमी आणि घड्याळामुळे जास्त. धरून चला की ॲग्रोचा सामना ५ मिनिटांचा आणि जिंकण्याचं प्रमाण ५५ टक्के. कंट्रोलचा १५ मिनिटांचा आणि प्रमाण ६० टक्के. तासाला ॲग्रोला १२ सामन्यांत १.२ स्टार मिळतात, कंट्रोलला ४ सामन्यांत ०.८. डायमंड ५ या पायरीपासून लेजंड या सर्वोच्च पायरीला १५ स्टार लागतात. म्हणजे ॲग्रोला साडेबारा तास, कंट्रोलला जवळजवळ एकोणीस, तेही कंट्रोल जास्त सामने जिंकत असताना. लोकलने तळेगावहून पुण्याला येताना मी पायरेटच काढते. पिंपरी ते खडकी एक सामना होऊन जातो. वॉरियर रात्री, जेवणं आटोपल्यावर.

डस्टचंही तसंच. दुर्मीळतेनुसार कॉमन पत्ता ४० डस्टचा, रेअर १०० चा, लेजंडरी १६०० चा. वीस कॉमन आणि दहा रेअर असा अख्खा ॲग्रो डेक १८०० मध्ये उभा राहतो. कंट्रोल डेकमध्ये पाच लेजंडरी असतील तर नुसत्या त्यांचेच ८०००. नवीन माणूस ॲग्रो खेळतो तो आवडीने की परवडतो म्हणून, हा प्रश्न खेळ बनवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवा. कंट्रोलच्या कण्याचे पत्ते कोअर सेट या मूळ संचातून सगळ्यांना फुकट मिळत राहणं मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं.

तोल साधण्यासाठी हेल्थचाच आकडा हलवून पाहण्याचा प्रयोगही झाला. २०२२ मध्ये प्रिन्स रेनाथल आला: डेकमध्ये घेतला की ४० पत्ते आणि ४० हेल्थ. कागदावर बरोबर वाटत होतं, कारण ४० पत्त्यांत हवा तो पत्ता उशिरा सापडतो. पण कंट्रोलला एखाद्या ठरावीक पत्त्याची घाई नसतेच, आणि १० जास्त हेल्थ म्हणजे ॲग्रोसमोर अख्खी एक-दोन टर्न. पुढे ती ३५ वर आणावी लागली. मला विचाराल तर ३० ला हात लावू नये. बोर्ड साफ करणारा एक भरवशाचा पत्ता प्रत्येक कंट्रोल क्लासला ४ किंवा ५ मानाला असावा, त्याहून स्वस्त असेल तर डिफाइलसारखी अट असावी, आणि १ मानाचा कुठलाही मिनियन एकट्याच्या जोरावर सामना नेणारा नसावा.

नव्याने सुरू करत असाल तर पहिली १८०० डस्ट स्वस्त ॲग्रो डेकवर घाला, पण पहिला लेजंडरी कंट्रोलचा बनवा. वाइल्ड खेळणार असाल तर रेनो जॅक्सन: ६ मानाला ४/६, आणि डेकमध्ये एकही पत्ता दोनदा नसेल तर हिरोची हेल्थ पूर्ण भरून येते. दोन्ही बाजूंनी खेळताना समोरच्याच्या हातात काय असेल याचा अंदाज निम्म्या वेळात यायला लागतो.