एटिमऑनलाइन कसं वाचावं: 'ड्रॅब' या शब्दाच्या निमित्ताने

इंग्रजी शब्दाचं मूळ फुकटात शोधायचं असेल तर डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजेच एटिमऑनलाइन, आधी उघडावा. नोंदणीची भानगड नाही. पण पहिलीच नोंद वाचून खिडकी बंद केली तर फसगत ठरलेली.

'ड्रॅब' (drab) हाच शब्द घ्या. विशेषण म्हणून त्याचा माग फ्रेंचमधल्या कापडवाचक शब्दाकडे जातो. न रंगवलेल्या लोकरी कापडाचा पिवळट करडा रंग, तो ड्रॅब. 'ड्रेपर' म्हणजे कापडवालाही याच घराण्यातला. नोंदीतल्या दुव्यांवरून तिथवर जाता येतं. 'नीरस, बेरंग' हा अर्थ मात्र बराच नवा, १८८० च्या सुमाराचा. अमेरिकन लष्कराच्या 'ऑलिव्ह ड्रॅब'मध्ये अजून निव्वळ रंगच आहे, कंटाळा नाही.

आता नामाकडे वळा. इथे 'ड्रॅब' म्हणजे गबाळी किंवा बदचालीची बाई. हा वापर सोळाव्या शतकापासूनचा. आयरिश किंवा स्कॉटिश गेलिक भाषेशी नातं असावं, एवढाच अंदाज. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकात चेटकिणींच्या कढईत ज्या अर्भकाचं बोट पडतं, ते अशाच एका 'ड्रॅब'ने खंदकात जन्माला घातलेलं. तिथे 'नीरस' हा अर्थ लावला की ओळ गेलीच.

नोंदीतलं साल ही शब्दाची जन्मतारीख नव्हे. तो सापडलेला सर्वांत जुना लेखी पुरावा असतो, बोलण्यात शब्द त्याआधीही असू शकतो. तारांकित, म्हणजे पुढे * खूण असलेली, रूपं अभ्यासकांनी तर्काने मांडलेली असतात, कुठे लिहिलेली सापडलेली नसतात. आणि 'कदाचित' हा शब्द उतरवून घेताना गाळू नका. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या निम्म्या व्युत्पत्त्या हा 'कदाचित' गाळूनच तयार होतात, असं आमचं मत.

कोशाची खरी उणीव म्हणजे जुन्या वापराची अवतरणं त्रोटक. अर्थ कसा सरकत गेला हे मूळ वाक्यांतून बघायचं तर ऑक्सफर्डचा मोठा कोश लागतो, आणि त्याच्या पूर्ण नोंदींना वर्गणी पडते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो मिळतो का, हे आधी विचारावं.

अनुवादकांनी हा कोश जरूर वापरावा. कपड्याच्या वर्णनात 'ड्रॅब' आला की सरसकट 'कंटाळवाणा' लिहिण्यापेक्षा 'मातकट' किंवा चक्क 'मळखाऊ' चालतो का, ते आधी बघावं. 'ड्रॅब' आयुष्याला मात्र 'मळखाऊ' चालणार नाही. तिथे 'रुक्ष' किंवा 'बेचव'च बरा.