दुसरं मांजर घ्यायचं का? शेल्टरच्या ‘फॉस्टर टू अडॉप्ट’ सोयीचा आमचा ३८ दिवसांचा अनुभव

आधीच सांगून टाकते, आम्ही दुसरं मांजर ठेवलं नाही. बोका ३८ दिवस घरी राहिला आणि परत गेला. तरीही या सोयीला मी पाचातले साडेचार देतेय.

आमची चिंगी ७ वर्षांची, ऑपरेशन झालेली, अगदी पिल्लू असल्यापासून आमच्याकडे आणि कायम एकटीच. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, म्हणजे रोज आठ-नऊ तास घरात कुणी नाही. गेल्या काही महिन्यांत ती रात्री दोनच्या सुमाराला कुणाचा तरी मोजा तोंडात धरून पॅसेजमध्ये फिरायची आणि असा आवाज काढायची की काळजात चर्र व्हायचं. घरी येणारा जो तो म्हणायचा बिचारी एकटी पडलीय, जोडीला आणा एखादं. मलाही तेच वाटायला लागलं, आणि खरं सांगायचं तर दिवसभर तिला सोडून जाण्याचं जे वाईट वाटायचं ना, ते कमी होईल असंही कुठेतरी मनात होतं.

तर शेल्टरची योजना अशी की मांजर एकदम दत्तक द्यायचं नाही, सहा आठवडे सांभाळायला द्यायचं, जमलं तर कागद करायचे, नाही जमलं तर ते परत घेणार. मी फोन केला तो पिल्लू हवंय म्हणून. पलीकडच्या ताईंनी चाळीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. चिंगी कधी दुसऱ्या मांजरासोबत राहिलीय का? आईपासून कितव्या आठवड्यात सुटली? खिडकीबाहेर मांजर दिसलं तर काय करते? लिटर बॉक्स (शी-शूचा डबा) कुठे, किती? घरात एक खोली पूर्ण बंद ठेवता येईल का? आणि मग म्हणाल्या पिल्लू नको, सात वर्षांच्या शांत मांजरीच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारं पिल्लू सोडणं म्हणजे तिला शिक्षा आहे. तेव्हा मला राग आला होता, आता पटतं.

दुसरं म्हणजे त्यांनी आधी डॉक्टरकडे पाठवलं. वय वाढायला लागलं की रात्रीचं ओरडणं थायरॉईडमुळे असू शकतं, बीपीमुळे, कुठे दुखत असल्यामुळे, आणि आपण एकटेपणा एकटेपणा करत बसतो. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. मग सांगितलं की दोन आठवडे रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या काठीने नीट खेळवा, शेवटी खायला द्या, आणि मग परत फोन करा. मी ते चार दिवस केलं आणि सोडलं. ही माझी चूक, ती मला पुढे महागात पडली.

ताईंचं म्हणणं असं होतं की माणसाला वाटतं तसं प्रत्येक मांजराला सोबत लागतेच असं नाही. घरातल्या मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिकन रानमांजर, तो एकट्याने शिकार करणारा, कुत्र्यासारखा कळपातला नाही. खाणं भरपूर असेल तिथे मांजरं गट करून राहतात हे खरं, पण त्या बहुतेक वेळा एकमेकींच्या नात्यातल्या माद्या आणि त्यांची पिल्लं असतात. मोठ्या वयात घरात आलेला अनोळखी बोका हा चिंगीच्या दृष्टीने सोबती नाही, तो तिच्या जागेत घुसलेला परका आहे, आणि परक्याचा ओळखीचा व्हायला वेळ लागतो, कधीकधी तो होतच नाही. हे सगळं ऐकून घेऊनही मी हो म्हटलं.

बंड्या आला. दोन वर्षांचा, राखाडी पट्ट्यांचा, डोकं घासत घासत अंगावर चढणारा, पहिल्या संध्याकाळीच मुलीच्या मांडीत झोपला. सोबत सामान दिलं ते असं: पिंजरा, त्याच्या वासाची गोधडी, लिटर बॉक्स, भांडी, लसींचं कार्ड, एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या मांजरांना होणाऱ्या दोन विषाणूंच्या आजारांच्या टेस्टचा रिपोर्ट आणि महिनाभर चालणारा फेरोमोन डिफ्यूजर, म्हणजे मांजराला शांत वाटावं म्हणून हवेत खास गंध सोडणारं प्लगला लावायचं यंत्र. डिफ्यूजरने काही झालं की नाही ते मला तरी कळलं नाही. लिटर बॉक्स मात्र छोटा आणि वरून झाकणाचा होता, बंड्यासारख्या लांबलचक बोक्याला त्यात नीट वळताही येत नव्हतं, मी दुसऱ्या दिवशी मोठा उघडा टब आणला. आणि ल्युकेमियाची टेस्ट पहिल्यांदा निगेटिव्ह आली तरी लागण अगदी नवीन असेल तर ती सापडत नाही, म्हणून साधारण महिन्याने परत करतात, ही गोष्ट मला विचारल्यावर कळली, कागदावर कुठेच नव्हती. माझे अर्धा मार्क कमी याच दोन गोष्टींसाठी.

पहिले दोन आठवडे बंड्या बंद खोलीत. वासाची ओळख व्हावी म्हणून रोज त्याच्या गालावर एक स्वच्छ मोजा फिरवायचा आणि तो चिंगीच्या खाण्याजवळ ठेवायचा, तिचा त्याच्याकडे. पहिल्या दिवशी मी मोजा अगदी वाटीला चिकटून ठेवला. चिंगी आली, मान लांब करून हुंगलं, तोंड जरासं उघडं ठेवून तशीच दोन-तीन सेकंद थांबली, टाळूच्या वरच्या त्या खास वास घ्यायच्या अवयवाने वास घेताना मांजरं करतात ना तसं, आणि न खाता मागे वळली. ताई म्हणाल्या तीन हात लांब ठेवा, ती आरामात खायला लागली की रोज वीतभर जवळ आणा. तसं केल्यावर सहाव्या दिवशी मोजा वाटीशेजारी असताना तिने सगळं संपवलं. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग दाराला जाळी आणि जाळीवर चादर, चादर रोज थोडी वर. फिस्कारणं जवळजवळ नाहीच. चौथ्या आठवड्यात दोघं आमच्यासमोर एकाच खोलीत, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की जमलं म्हणून.

या सेवेची खरी किंमत मला इथे कळली. ताईंनी रोज एक व्हिडिओ मागितला होता, किरकोळ का असेना. मी एक दोन मिनिटांचा पाठवला ज्यात काहीच होत नव्हतं. बंड्या पॅसेजच्या मधोमध बसलाय, पाय पोटाखाली. चिंगी खोलीच्या दारात येते, थांबते, त्याच्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघते, एकदा ओठ चाटते, आणि परत आत जाते. बंड्या जागचा हललाही नाही, फक्त शेपटीचं टोक हलत होतं आणि नजर तिच्यावरून निघत नव्हती. मी तो व्हिडिओ किती छान शांत बसलेत असं लिहून पाठवला होता. ताईंचा लगेच फोन. “तुम्हाला शांतता दिसतेय, मला रस्ता अडवलेला दिसतोय. त्याच्या मागे काय आहे?” मागे लिटर बॉक्स होते. तिन्ही.

नियम म्हणून मी मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोन मांजरांना तीन बॉक्स ठेवले होते, पण तिन्ही एकाच बाल्कनीत ओळीने, आणि मांजराच्या हिशोबाने ती एकच जागा झाली, तिथे जाणारी वाट एक आणि वाटेवर बंड्या. मांजरांची भांडणं म्हणजे ओरडणं आणि केस उडणं एवढंच आपल्या डोक्यात असतं. उलट घरातला बराचसा त्रास असाच मुका असतो, टक लावून बघणं, वाट अडवणं, जागेवरून उठवणं. आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२४ मध्ये घरातल्या मांजरांमधल्या तणावावर वेगळ्या गाईडलाईन्सच काढल्यात त्याही त्यांनी दाखवल्या. बॉक्स तीन वेगवेगळ्या खोल्यांत नेले, पाण्याची भांडी वेगळी केली, चिंगीला कपाटावर चढायला वाट करून दिली. आठवडाभर बरं गेलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी चिंगी अर्ध्या तासात सहा वेळा बॉक्समध्ये जाऊन आली. बसायची, जोर करायची, दोन थेंब. मग बाथरूमच्या पांढऱ्या पायपुसण्यावर गुलाबी डाग दिसला. तशीच उचलून डॉक्टरकडे नेली. लघवीत इन्फेक्शन नाही, खडे नाहीत, ताणामुळे मूत्राशयाला येते ती सूज. (बोका असा जोर करत असेल आणि लघवी होतच नसेल तर एक तासही थांबू नका, बोक्यांची नळी बारीक असते, ती तुंबली तर जिवावर बेतू शकतं.) दुखण्याचं औषध, पाणी जास्त पोटात जाईल असं खाणं, आणि दोघांना पूर्ण वेगळं करा.

शेल्टरला फोन करताना माझा हात थरथरत होता. वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ताईंनी आधी चिंगीची चौकशी केली, मग दोन रस्ते सांगितले: परत बंद दारापासून सुरुवात करा, काही महिने लागू शकतात, आम्ही सोबत आहोत, नाहीतर बंड्याला आणून सोडा. कुठला चांगला हे त्यांनी सांगितलं नाही, मी खूप विचारलं तरी नाही. एवढंच म्हणाल्या की सहा आठवडे यासाठीच असतात, आणि चिंगीचं उत्तर नाही असं आलं तर तेही उत्तरच आहे. आम्ही तीन रात्री बोललो. घरात दिवसभर कुणी नाही, म्हणजे रोज आठ-नऊ तास एक जण कोंडलेला, तेही महिनोन्महिने. ३८ व्या दिवशी बंड्याला सोडून आलो. मुलगी गाडीत सगळा वेळ त्याची गोधडी मांडीवर घेऊन बसली होती आणि मलाही बोलवत नव्हतं.

चिंगी दहा दिवसांत पूर्ववत झाली. तेव्हा अर्धवट सोडलेलं खेळणं आता रोज चालू आहे, सकाळी मी, रात्री मुलगी, खेळ संपला की लगेच खाणं. रात्रीचं मोजा घेऊन फिरणं गेलेलं नाही पण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलंय. म्हणजे ती एकटी होती त्याहून जास्त कंटाळलेली होती, आणि तिला हवी होती ती आमच्यातलीच माणसं.

कुणी विचारलं तर मी म्हणेन या योजनेतूनच आणा, थेट दत्तक घेऊ नका, विशेषतः तुमचं मांजर मोठं असेल आणि कधी दुसऱ्यासोबत राहिलं नसेल तर. अजून एकही मांजर नसेल तर मात्र सरळ एकाच वेताची दोन पिल्लं एकदम आणा, आम्ही सात वर्षांपूर्वी हे करायला हवं होतं. आणि तुमच्याकडे सहा आठवडे बंद ठेवता येईल अशी खोली नसेल तर सुरूच करू नका.

एक सूचना शेल्टरसाठी. परत देतानाच्या फॉर्मवर ‘स्वभाव’ या रकान्यात फक्त चार ओळी आहेत. मी दोन पानं वेगळी जोडली: बंड्याला कुस्ती खेळायला कुणीतरी लागतं, तो रस्त्यात बसतो पण मारत नाही, घाबरलेल्या मांजराकडे टक लावून बघतो, उनाड मांजरासोबत रमेल. तीन आठवड्यांनी ताईंनी फोटो पाठवला, दीड वर्षाच्या एका काळ्या बोक्यासोबत तो उताणा पडून लाथा झाडतोय, दोघांचेही कान सरळ, दोघंही आळीपाळीने खाली. त्या घरच्यांनी ती दोन पानं वाचूनच त्याला मागितलं होतं असं त्या म्हणाल्या. तो रकाना मोठा करा.