फिरता डिकॉय, मे ते डिसेंबर : वापरानंतरचा अनुभव

इथे इंग्लंडात, लिंकनशरमध्ये वुडपिजनच्या (इथल्या रानपारव्याच्या) शिकारीला जाणारे आपले मराठी लोक मोजकेच, पण ओळखीतल्या दोघातिघांनी 'मॅग्नेट, म्हणजे पक्ष्यांना भुलवणारा फिरता डिकॉय, घ्यावा का?' असं विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मे महिन्यात घेतला, आता डिसेंबर लागलाय. वाटाण्याच्या कोवळ्या पिकापासून जव-गव्हाच्या धसकटांपर्यंत आणि पुढे रेपच्या (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) हिरव्या पानांपर्यंत सगळीकडे वापरून झाला.

मॅग्नेट म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरणारी मोटर. तिला दोन लांब, लवचिक दांडे आणि दांड्यांच्या टोकांना पंख पसरलेले दोन पक्षी, मेलेले किंवा प्लास्टिकचे. चालू केला की दोन पक्षी घिरट्या घालत उतरतायत असं लांबून वाटतं. वुडपिजन आपल्या पारव्यापेक्षा चांगलाच थोराड, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. मानेवर पांढरा डाग असतो (पिल्लांना नसतो) आणि पंखावर आडवा पांढरा पट्टा. उडताना हा पट्टा लखलखतो आणि मॅग्नेटचा सगळा खेळ त्या लखलखण्यावर चालतो. महाबळेश्वरच्या बाजूला दिसणारा नीलगिरी रानपारवा याच्याच कुळातला, पण तो संकटात आहे आणि हा मात्र इथे उदंड : ब्रिटनमध्ये याच्या ५० लाखांच्या आसपास जोड्या वीण करतात.

याचा खरा कस लागला ऑगस्टात. कंबाइन गहू काढून गेला की धसकटांत दाणा सांडलेला असतो आणि नांगर किंवा डिस्क फिरेपर्यंत मोजकेच दिवस मिळतात. त्यात ऊन असेल तर भर दुपारी पक्षी झाडांत बसून राहतात, हालचाल सुरू होते तीन-चारनंतर. त्यामुळे मी आदल्या दिवशी त्याच वेळी बांधावर गाडी लावून नुसता दुर्बिणीतून बघत बसतो. पक्षी कुठल्या झाडांच्या रांगेवरून येतात, शेताच्या कुठल्या कोपऱ्यात उतरतात, हे कळल्याशिवाय सामान काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या वाटेपासून दोनशे मीटर बाजूला बसलात तर मॅग्नेट कितीही फिरवा, ते मान वळवूनसुद्धा बघणार नाहीत.

मांडणी अशी : लपण, म्हणजे जाळी लावून बसायची जागा, कुंपणाच्या झुडपांत, वारा पाठीवर. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, म्हणजे तो समोरून येतो. वीसेक पावलांवर प्लास्टिकचे शेल डिकॉय (आतून पोकळ, पक्ष्याच्या आकाराचे) घोड्याच्या नालासारखे मांडायचे, नालाचं उघडं तोंड लपणापासून दूर, पक्षी येतात त्या बाजूला. मधली जागा मोकळी, कारण उतरायचं ते तिथे. शेलांची तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण कवायतीसारखी एका रेषेत नकोत. मॅग्नेट मी मध्ये न ठेवता नालाच्या एका टोकाला ठेवतो, म्हणजे तो मोकळ्या जागेच्या आड येत नाही. जाळीमागे पालापाचोळा खोवला आणि तोंडावर जाळीचा मास्क घेतला की वर बघण्याचा मोह तेवढा आवरायचा. उजळ चेहरा त्यांना फार लांबून कळतो.

आता यंत्राबद्दल. वेग कमी-जास्त करायचं बटण नसेल तर हे घेऊच नका. सोबतच्या माहितीपत्रकातल्या चित्रात दांडे पंख्यासारखे गरगरताना दाखवलेत, पण तेवढ्या वेगाला पक्षी साठ-सत्तर मीटरवरच बिचकून वळतात. सगळ्यात हळू वेगाच्या जरा पुढे ठेवला की काम होतं. रिमोट मला आधी चैन वाटला होता, आता त्याच्याशिवाय मी शेतात जात नाही : पक्ष्याने पंख आखडून खाली यायला सुरुवात केली की मॅग्नेट बंद करायचा. उतरणाऱ्याला तो थांबलेलाच बरा दिसतो.

बॅटरी ७ अँपिअर-तासांची, एक दुपार निभावते. वजन मात्र अडीच किलोच्या आसपास, आणि जाळी, खांब, डिकॉय, बंदूक, काडतुसं घेऊन ढेकळांतून चालताना ते जाणवतं. लिथियमची हलकी मिळते, पैसे जास्त. बॅटरीच्या चिमट्यांवर ऑक्टोबरच्या ओलीत गंज चढला. दांड्याचा एक सांधा सैल झाला, तोही मीच वॉशर घालून बसवला, कारण विक्रेत्याने दोन पत्रांना उत्तर दिलं नाही.

नव्या धसकटावर पहिले दोन-तीन दिवस मॅग्नेट खरोखर पक्षी ओढतो. मग तेच पक्षी शिकतात. सप्टेंबरात तर मॅग्नेट दिसला की थवा वाकडी वाट करून जायचा, आणि तो काढून काठीवर डुलणारे दोन शेल ठेवले की परत यायचा. या परगण्यात जवळपास प्रत्येकाकडे मॅग्नेट आहे, त्याचा हा परिणाम असावा. नोव्हेंबरात रेपवर शेकड्यांचे थवे बसतात, तिथे तर दोन फिरत्या पक्ष्यांना कोणी विचारत नाही. पहिला बार झाला की सगळा थवा शेजारच्या शेतात.

नव्या लोकांसाठी कायद्याचं थोडं. पोलिसांकडून मिळणारं शॉटगन सर्टिफिकेट आणि शेतमालकाची परवानगी लागतेच. शिवाय इंग्लंडमध्ये वुडपिजन मारता येतो तो जीएल ४२ या सर्वसाधारण परवान्याखाली, पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी. २०१९ च्या एप्रिलमध्ये जुने परवाने कोर्टातल्या आव्हानामुळे एकाएकी रद्द झाले होते, तेव्हापासून लोक अटी नीट वाचायला लागले. धसकटात सांडलेला दाणा कोणी पोत्यात भरणार नसतो, तेव्हा 'इथे नुकसान कसलं?' हा प्रश्न रास्त आहे. मी जातो त्या शेताच्या मालकाच्या बाबतीत उत्तर कुंपणापलीकडे होतं : पावसाने लोळलेला, अजून न कापलेला गहू. गॅसगनचे (पक्षी उडवायला नुसता आवाज करणारं यंत्र) बार त्याने आधी करून बघितले होते. आणि स्टॉक डव्ह, म्हणजे वुडपिजनसारखाच दिसणारा दुसरा पारवा, ओळखायला शिका. आकाराने लहान, मानेवर पांढरं नाही, पंखावर पांढरा पट्टा नाही. तो या परवान्यात नाही, आणि डिकॉयला तोही येतो. शंका आली की बंदूक खाली.

भारतात शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच म्हणावी अशी, त्यामुळे गावाकडे हे सांगितलं की भुवया उंचावतात. माझ्यापुरता नियम एकच, मारलेलं खायचं. ऑगस्टात माश्या मिनिटांत जमतात, म्हणून बर्फाची पेटी सोबत हवीच. छातीचे तुकडे तव्यावर दोन्ही बाजूंनी झटपट परतायचे, आत गुलाबी असतानाच उतरवायचे. रस्सा करायचा असेल तर मंद आचेवर तासभर तरी, मधल्या वेळात काढलंत तर चामडं. छर्रे बोटांनी चाचपून काढा. शिशाच्या छर्ऱ्यांनी मारलेलं लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी शक्य तितकं टाळावं, असं इथल्या अन्न खात्याचंच सांगणं आहे.

तर घ्यावा का? चार-पाच शेतांवर परवानगी असेल आणि कापणीच्या दिवसांत आठवड्याच्या मधल्या वारी निघायची सोय असेल तर घ्या, रिमोटसकट घ्या. एकाच शेतावर फक्त शनिवार-रविवार जमत असेल तर डझन-दीड डझन चांगले शेल, एक जाळी, आणि उरलेले पैसे दुर्बिणीवर.