चाळीस सायटेशन मिळाली आणि जर्नलच खोटं निघालं

आधीच सांगते, १८,५०० रुपये गेले पण त्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, वाईट वाटतं ते हातचा रिसर्च पेपर गेला त्याचं. डिचोली आणि सत्तरीतल्या शाळांतून दोन वर्षं फिरलेय त्याच्यासाठी, कधी कदंबची बस तर कधी नवऱ्याची स्कूटर, २१४ मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. आपल्याकडे गोव्यात सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी आणि पाचवीला गेलं की एकदम इंग्लिश, त्या उडीत "मला हे जमेल" हा मुलांचा भरवसा कसा हलतो, बांडुरा हा मानसशास्त्रज्ञ ज्याला सेल्फ-एफिकसी म्हणतो ते, हा माझा विषय.

मी फोंड्याकडे बीएडला शिकवते. प्रमोशनची फाईल करायची होती आणि पेपर कमी पडत होते. त्यात यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर लिस्टच बंद केली, म्हणजे आधी बघायला निदान एक यादी तरी होती (याद्या काही धुतल्या तांदळाच्या नव्हत्या म्हणा, त्याच्या आधीच्या यादीतून २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढलेली), आता कुठलं जर्नल चांगलं ते ज्याचं त्याने बघायचं.

नेमका गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात फोन आला. "नमस्कार ताई, तुमचा सेमिनारमधला पेपर वाचला, काय सुंदर काम आहे!" टायटल तोंडपाठ. अहो ते सेमिनारच्या पुस्तकात छापलेलं असतं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही, बरं वाटलं ना ऐकून. स्कोपस इंडेक्स्ड जर्नल (म्हणजे स्कोपस या निवडक जर्नलांच्या डेटाबेसमध्ये असलेलं), दहा दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स, फी १४,५००.

आता सगळे म्हणतील चेक नाही केलंस? केलं ना! जर्नलचं नाव स्कोपसमध्ये टाकलं, सापडलं. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, जुळला. पण वेबसाईट त्या जर्नलची नव्हतीच. खऱ्या जर्नलचं नाव, नंबर, संपादकांचे फोटोसुद्धा उचलून दुसरीच साईट उभी केलेली. मी जर्नल खरं आहे का ते बघितलं, मी पैसे भरतेय ती साईट त्याचीच आहे का हे बघितलंच नाही. चार दिवसांत अ‍ॅक्सेप्ट झाला, रिव्ह्यू दोन ओळींचा, माझ्या पेपरात टेबल ३ दोनदा आलेलं तेही कोणाला दिसलं नाही, तिथेच समजायला हवं होतं.

पुढचं लिहायला लाज वाटते पण लिहिते. आणखी ४,००० मध्ये चाळीस सायटेशन (म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत माझ्या पेपरांचा संदर्भ) देतो, असं तोच फोनवाला म्हणाला आणि मी हो म्हटलं. माझा एच-इंडेक्स होता २. हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये काढलेला हा हिशोब, ६ म्हणजे तुमच्या सहा पेपरांना प्रत्येकी निदान सहा सायटेशन. चाळीसच्या चाळीस एकाच पेपरला लावली तर आकडा हलतच नाही, म्हणून त्याने माझे जुने सहा पेपर मागून घेतले आणि वाटून लावली, धंद्यात मुरलेला माणूस. गुगल स्कॉलर, जिथे हा आकडा दिसतो, ते काय, कुठलीही पीडीएफ दिसली की मोजतं. महिन्याभरात २ चा ६ झाला आणि मी रोज सकाळी चहा घेताना तो आलेख बघायचे, खोटं का सांगू.

फाईल बघताना कॉलेजच्या सिनियर मॅडमनी माझ्या पेपरचा डीओआय नंबर (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख नंबर) डीओआय डॉट ऑर्गवर टाकला. सापडला नाही. "अगो, हें खंयचें जर्नल?" मग आम्ही दोघींनी स्कोपसच्या पानावरून प्रकाशकाच्या लिंकने आत जाऊन बघितलं, साईट वेगळीच आणि तिथल्या एकाही अंकात मी नाही. मला सायटेशन देणारे पेपर उघडले तर एक सिमेंटवर, एक कोळंबीच्या शेतीवर. कोळंबीला कसली आलीय सेल्फ-एफिकसी! आणि त्या खोट्या साईटच्या पहिल्या पानावर जो इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) मिरवत होते तो कुठल्यातरी "ग्लोबल" संस्थेचा, खरा क्लॅरिव्हेट ही कंपनी देते. अशा चोरलेल्या जर्नलांची यादी रिट्रॅक्शन वॉच या संशोधनातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या साईटकडे फुकट बघायला मिळते, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

पेपर काढून टाका म्हणून फोन केला तर ताईची मॅडम झाले आणि विड्रॉवल फी २२,००० सांगितली. दुसऱ्या जर्नलकडे पाठवला तर ते म्हणतात हा आधीच छापलेला दिसतो, तिकडून काढल्याचं पत्र आणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार दिलीय, मी पैसे भरले ते खातं भलत्याच कोणाच्यातरी नावावर निघालं, पुढे काही कळलेलं नाही.

तो पेपर मी माझ्या गुगल स्कॉलर प्रोफाईलवरून काढला. पण विकत घेतलेली सायटेशन माझ्या खऱ्या, जुन्या पेपरांना चिकटलेली आहेत, ती माझ्या हातात नाहीत, त्यामुळे आकडा अजून ६ च दिसतो. फाईलमध्ये मी २ लिहिलाय आणि बाजूला का ते लिहून सही केलीय, कमिटी पुढच्या महिन्यात बसते.