‘तुमचो प्रोसेसर मेलो’ म्हणून साडेसात हजार

सिंधुदुर्गात लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण ज्या युक्तीने पैसे घेतले ती कुठल्याही काउंटरवर चालेल अशी आहे.

देवगडजवळ आमचा आंब्याचा घरगुती धंदा. एप्रिल-मेमध्ये ऑर्डरी, कुरिअरच्या पावत्या, कुणाचे पैसे आले आणि कुणाचे राहिले, सगळं एका लॅपटॉपवर. 2018 मध्ये घेतलेला, आत इंटेलचा कोअर आय5-8250यू हा प्रोसेसर, म्हणजे सगळी कामं करणारी मुख्य चिप. यंदा मोसम तापला तसा तो दुपारी बारानंतर कण्हायला लागला. पंखा घोंघावतोय, एक्सेल उघडता उघडत नाही, आणि टेम्पोवाला दारात उभा. सकाळी मात्र ठणठणीत. खरी खूण तीच होती. पण दुकानदाराने कधी अडकतो, किती वेळाने अडकतो, हे विचारलंच नाही.

त्याने काय केलं? लॅपटॉप चालू केला, विंडोजचा टास्क मॅनेजर (लॅपटॉप किती कामात आहे ते दाखवणारा पडदा) उघडला, ‘परफॉर्मन्स’वर गेला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. “वहिनी, हो आकडो बघा.” ‘स्पीड’पुढे 0.79 गिगाहर्ट्झ. वर प्रोसेसरच्या नावापुढे 1.60. बाजूला ‘बेस स्पीड’ 1.80. “नावात 1.6, बेस 1.8, आणि चालता 0.79! अर्ध्यावर इलो. खारो वारो लागून तुमचो प्रोसेसर मेलो.” इतक्या ठामपणे बोलला की शेजारी प्रिंटरची शाई घ्यायला आलेले काकाही मान डोलवायला लागले.

मग पर्याय. नवा बोर्ड टाकायचा तर अठरा हजार. नाहीतर ‘प्रोसेसर रीबॉल करून स्पीड आयसी बदलायची’, साडेसात. ऐन हंगामात नवा लॅपटॉप घ्यायला पैसे मोकळे नव्हते, साडेसातवर ठरलं. लॅपटॉप परत मिळाला तेव्हा त्याने तोच आकडा पुन्हा दाखवला. आता 3.2, आणि हलायचं नाव नाही. बिलावर एकच ओळ: ‘सर्व्हिस चार्ज’.

घरी आल्यावर बॅटरी तासाभरात संपायला लागली. काही काम नसतानाही तळ चटका बसेल इतका तापायचा. आणि दुपारचं रडगाणं आधीपेक्षा वाढलं.

माझा भाचा रत्नागिरीला पॉलिटेक्निकला आहे. सुट्टीत आंबे खायला आला होता, त्याने पडवीत बसून लॅपटॉप उलटा केला. तळाला एक लांब रबरी पट्टी असते, तिच्याखाली दोन स्क्रू. ते काढल्याशिवाय तळ निघतच नाही. पट्टी कंपनीने चिकटवलेली तशीच होती, कडेपर्यंत गोंद शाबूत. “मामी, हा उघडलाच नाहीये कुणी,” तो म्हणाला. मग रीबॉल कुठून झालं?

आठ हजार दोनशे पन्नास नंबरचा हा प्रोसेसर रॅमसारखा खोबणीत बसवलेला नसतो, तो बोर्डाला डाखून टाकलेला असतो. तो उचलून पुन्हा बसवायला, म्हणजेच रीबॉल करायला, गरम हवेचं खास यंत्र लागतं, आणि तळ उघडावा लागतो हे तर सांगायलाच नको. ‘स्पीड आयसी’ नावाचा वेग ठरवणारा सुटा भाग बोर्डावर नसतोच. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग असतात, ते बिघडतातही. पण वेग किती ठेवायचा हे प्रोसेसर स्वतः, त्याच्या आतलं फर्मवेअर (कायमचं भरलेलं सॉफ्टवेअर) आणि विंडोज मिळून ठरवतात, आणि सेकंदात अनेकदा ठरवतात.

म्हणजे 0.79 हा आजार नव्हताच. काउंटरवर लॅपटॉप रिकामा बसला होता, काम नव्हतं, म्हणून तो खाली उतरला. निरोगी लॅपटॉप असंच करतो. 1.60 ही इंटेलने 15 वॅटच्या हिशोबाने दिलेली पायाभूत गती, म्हणजे बेस स्पीड. त्याच चिपला 25 वॅटची सवलत दिली तर पायाभूत गती 1.80 धरतात, म्हणून दोन वेगळे आकडे एकाच पडद्यावर दिसतात आणि दोन्ही खरे असतात. काम अंगावर आलं आणि चिप थंड असली की ती टर्बोत, म्हणजे थोडा वेळ वाढवलेल्या वेगात, 3.4 पर्यंत जाते. पण तिथे कायम राहायचं नसतं. चिप जी वीज खाते ती वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी उष्णता भरमसाट होते. 100 अंश सेल्सिअस ही या चिपची हद्द. तिथे पोचली की ती जळण्याऐवजी स्वतःच वेग खाली ओढते.

ही काही कालपरवाची भानगड नाही. जानेवारी 2000 मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये ‘स्पीडस्टेप’ आणलं, तेव्हा 650 मेगाहर्ट्झची चिप बॅटरीवर गेली की 500 वर उतरायची. टर्बो 2008 पासून आहे. दुकानाच्या पाटीवर ‘20 वर्षांचा अनुभव’ लिहिलंय. त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, हे मला पटत नाही.

मग 3.2 कसं आलं? भाच्याने कंट्रोल पॅनेलमधले पॉवर ऑप्शन्स उघडले, प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’खाली गेला. ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ एरवी 5 टक्के असते. आमच्याकडे ती 100 केलेली, चार्जरवर आणि बॅटरीवरही. म्हणजे काम असो नसो, खाली उतरायचंच नाही. साडेसात हजारांची दुरुस्ती ती एवढीच. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, पण बहुतेक ठिकाणी दिसतो. दुरुस्तीहून आलेला लॅपटॉप पहिल्यांदा तिथे तपासा.

तळ उघडला तेव्हा खरा रोगी सापडला. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये राखाडी धुळीचा गोधडीसारखा थर. त्यात पेंढ्याच्या बारीक काड्या आणि मांजराचे केस. आमचा लॅपटॉप आंब्याच्या अढीच्या खोलीतच असतो, पेंढा रोज हलतो, दमट हवेत ती धूळ पात्यांना चिकटून बसते. चिपची उष्णता बाहेर न्यायला लावलेली पेस्ट वाळून पोपडे आलेले. सकाळी खोली गार, म्हणून निभायचं. दुपारी उष्णता बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून वेग 0.9 वर यायचा. आणि दुकानदाराने किमान वेग शंभर टक्क्यांवर बांधल्यावर तर दिवसभर तापणं आलंच. पंखा साफ, नवी पेस्ट, सेटिंग पूर्ववत. पेस्टच्या नळीला साडेतीनशे रुपये गेले. पूर्ण कामाच्या वेळी आता 2.4 च्या आसपास टिकतो, रिकामा असला की 0.8, आणि मला तो 0.8 बघून बरं वाटतं.

कुणी असा आकडा दाखवला तर शेजारचा ‘युटिलायझेशन’चा, म्हणजे प्रोसेसर किती टक्के कामात आहे त्याचा, आकडा बघा. तो पाच-दहा टक्के असताना वेग कमी असला तर काहीही बिघडलेलं नाही. दुकानदाराला सांगा, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन लाव किंवा मोठी फाइल झिप कर, दहा मिनिटं चालू दे, मग दाखव. युटिलायझेशन शंभरच्या जवळ आणि वेग बेसच्याही खाली बराच वेळ अडकला, तर कारण शोधायचं: धूळ, पेस्ट, विंडोजचा पॉवर मोड, किंवा कमी वॅटचा चार्जर. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखू आला नाही तर मुद्दाम हळू चालतात, चालू करतानाच तसा इशारा देतात, आणि लोक एंटर दाबून पुढे जातात. भर कामातही 0.39 वर खिळलेला दिसला तर आधी दुसरा, कंपनीचा चार्जर लावून बघा. यातल्या एकाही गोष्टीसाठी प्रोसेसर बदलावा लागत नाही.

जुने लॅपटॉप विकणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. त्याच दुकानात एका लॅपटॉपवर चिठ्ठी होती: ‘4 कोअर, 6.4 गिगाहर्ट्झ’. 1.6 गुणिले 4. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, त्यांचे वेग असे जोडता येत नाहीत. चार माणसं ताशी पाच किलोमीटर चालली म्हणजे कुणी वीसच्या वेगाने पोचत नाही.

मी दुकानात परत गेले, काढलेली आयसी मागितली. “ती टाकून दिली वहिनी.” रबरी पट्टीचे फोटो दाखवले तर म्हणे, सेटिंग करणं हेसुद्धा कामच आहे. मी तिथेच उभी राहून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाल्यावर त्याने गल्ल्यातून साडेतीन हजार काढून दिले, बाकीचे ‘तपासणीचे’ म्हणाला. बिलावर काम लिहिलेलं नाही, याचा आता मलाच त्रास होतोय. काय काढलं, काय टाकलं हे बिलावर लिहून घ्या, जुना भाग परत मागा, आणि देण्याआधी तळाचे फोटो काढून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. उरलेल्या चार हजारांसाठी पावसाळा लागला की तोच अर्ज भरायला बसणार आहे, आंब्याची कामं आटोपली की.