दुसऱ्या भागाआधी पहिला: ‘क्लर्क्स’ या ॲनिमेशन मालिकेचा डीव्हीडी संच

‘क्लर्क्स’ या प्रौढांसाठीच्या विनोदी ॲनिमेशन मालिकेचा दुसरा भाग एकाच गमतीवर उभा आहे, आणि ती गंमत कळायला प्रेक्षकाने पहिला भाग पाहिलेला असणे एवढेच पुरेसे आहे. एबीसी या अमेरिकी वाहिनीने नेमके तेवढेच होऊ दिले नाही. तिने ३१ मे २००० रोजी चौथ्या भागाने मालिकेची सुरुवात केली, ७ जूनला दुसरा भाग दाखवला आणि तेथेच मालिका गुंडाळली. एकूण सहा भाग तयार होते. त्यांपैकी चार या वाहिनीवर आलेच नाहीत. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘क्लर्क्स अनसेन्सर्ड’ या नावाने हे सहाही भाग घरी पाहण्यासाठी बाजारात आले आणि तेव्हा कुठे ही मालिका तिच्या कर्त्यांनी योजलेल्या क्रमाने पाहण्याची सोय झाली. या दोन डिस्कच्या संचाचे मोल मला सर्वांत आधी या क्रमात दिसते. त्याच्यासोबतची बाकीची सामग्री त्यानंतरची.

ती दुसऱ्या भागाची गंमत काय, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. अमेरिकी विनोदी मालिकांमध्ये खर्च वाचवण्याची एक जुनी युक्ती आहे. काही वर्षे मालिका चालली की एखाद्या भागात पात्रांना लिफ्टमध्ये किंवा तळघरात अडकवायचे, त्यांना ‘आठवतं का रे’ असे म्हणायला लावायचे आणि जुन्या भागांतले तुकडे जोडून वेळ भरून काढायचा. ‘क्लर्क्स’मध्ये किराणा दुकानाच्या गल्ल्यावरचा डान्टे आणि शेजारच्या व्हिडिओ दुकानातला रँडल हे दोघे नायक दुकानाच्या शीतगृहात अडकतात आणि आठवणींत रमतात, पण हा मालिकेचा दुसराच भाग असल्यामुळे त्यांच्या गाठीशी आठवणी असतात त्या फक्त मागच्या एका भागाच्या. साहजिकच त्याच त्या प्रसंगांकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते, आणि ते पुरेनासे झाले की कधीच न घडलेल्या गोष्टीही ‘आठवू’ लागतात. पहिला भाग डोळ्यांखालून गेलेला असेल तर या निर्लज्ज काटकसरीचे हसू आवरत नाही. तो न दाखवताच हा भाग दाखवला, तर पडद्यावर काय चालले आहे हे त्या रात्रीच्या प्रेक्षकाला कळले नसेल, यात त्याचा काही दोष नाही.

मालिकेचे मूळ १९९४ सालच्या त्याच नावाच्या चित्रपटात आहे. शीर्षक वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर फायलींच्या ढिगाऱ्यामागचा कारकून उभा राहील, पण येथे त्या शब्दाचा अर्थ दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा नोकर असा आहे. त्याचा लेखक-दिग्दर्शक केव्हिन स्मिथ स्वतः न्यू जर्सी राज्यातील लिओनार्डो या गावी ‘क्विक स्टॉप’ नावाच्या दुकानात काम करत होता; दिवसा गल्ला सांभाळायचा आणि रात्री दुकान बंद झाल्यावर तेथेच चित्रीकरण करायचे, अशा रीतीने त्याने तो कृष्णधवल चित्रपट अवघ्या २७,५७५ डॉलरमध्ये बनवला. पैसाच नसल्यामुळे त्या चित्रपटात फारसे काही घडत नाही, दोन कंटाळलेले तरुण फक्त बोलत राहतात, आणि ते बोलणे इतके मोकळेढाकळे आहे की त्यातले बरेचसे दूरचित्रवाणीवर उच्चारणेही शक्य नव्हते. ॲनिमेशन करताना स्मिथ, त्याचा निर्मिती-सहकारी स्कॉट मोझियर आणि ‘साइनफेल्ड’ या अमेरिकी विनोदी मालिकेचा लेखक म्हणून ओळखला जाणारा डेव्हिड मँडेल यांनी या दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. भाषा सोवळी झाली आणि घटनांना मात्र कसलाही धरबंध उरला नाही. चित्रपटात दुकानाबाहेर अमली पदार्थ विकणारे ‘जे’ आणि सायलेंट बॉब हे दोघे मालिकेत फटाके विकतात. वाहिनीची अट आणि त्या अटीची टवाळी असे दोन्ही त्या एका बदलात आले आहे.

पहिल्या भागात गावात लिओनार्डो लिओनार्डो नावाचा अब्जाधीश अवतरतो. गावाचेच नाव दोनदा लावणारा हा खलनायक ‘क्विक स्टॉप’च्या समोरच ‘क्विकर स्टॉप’ नावाचे अवाढव्य दुकान थाटतो. त्याला ॲलेक बाल्डविन या अमेरिकी नटाचा आवाज लाभला आहे आणि तो या मालिकेतला सर्वांत उत्तम अभिनय आहे, असे मी म्हणेन. घोगऱ्या, संथ, प्रत्येक वाक्य जगावर उपकार केल्यासारखे उच्चारणाऱ्या त्या आवाजामुळे अगदी साध्या हुकमालाही हसू येते. डान्टे आणि रँडल यांना मूळ चित्रपटातील ब्रायन ओ’हॅलोरन आणि जेफ अँडरसन यांनीच आवाज दिले आहेत. ओ’हॅलोरनची किरकिर आणि अँडरसनचा थंड बेफिकीरपणा यांची जोडी रेखाटलेल्या चेहऱ्यांवरही चपखल बसते.

संचातला सर्वांत सरस भाग चौथा आहे. दुकानात सांडलेल्या पेयावरून ‘जे’ घसरतो आणि डान्टेवर नुकसानभरपाईचा खटला भरतो. डान्टेची बाजू मांडायला रँडल उभा राहतो, आणि त्याचे कायद्याचे सारे ज्ञान भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटींतून आलेले असते. या भागाच्या लांबलचक शीर्षकातच लेखकांनी कबूल केले आहे की आपण कधी न्यायालयाची पायरी चढलेलो नाही, फक्त कायद्यावरचे थरारपट अती पाहिले आहेत. न्यायाधीशाच्या आसनावर जज राइनहोल्ड हा नट बसला आहे. ‘जज’ हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे, आणि एवढ्या एका श्लेषासाठी त्याला खरोखर बोलावून त्याचाच आवाज घेणे हा या मालिकेचा स्वभाव आहे. रँडल मूळ खटला विसरून नामवंत चित्रपट दिग्दर्शकांना साक्षीला बोलावतो आणि न आवडलेल्या चित्रपटांच्या तिकिटांचे पैसे परत मागू लागतो, तेव्हा विनोदाला खरी धार चढते. कारण चित्रपटांवर चवताळून बोलणारा व्हिडिओ दुकानातला हा पोरगा मूळ चित्रपटातून जसाच्या तसा आला आहे.

मग शेवटच्या काही मिनिटांत हा भाग रुळांवरून पार घसरतो. कथेचा शेवट जणू कोरियातील चित्रकारांनी आपल्या मनाने रचला, अशी बतावणी केली जाते आणि पडद्यावर जपानी शैलीची, अर्थाशी काडीमात्र संबंध नसलेली धुमश्चक्री सुरू होते. गाडी चालवणारे अस्वलही त्यात येते. त्या काळी अमेरिकी ॲनिमेशन मालिकांचे प्रत्यक्ष रेखाटन मोठ्या प्रमाणावर कोरियात होत असे, हे ठाऊक असल्यास या गमतीची दुसरी बाजू दिसते. परदेशी कारागिरांच्या इंग्रजीवर हसणे आज थोडे खटकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती दोन-तीन मिनिटे रेखाटन, रंग आणि वेग या तिन्ही बाबतींत इतकी जोमदार आहेत की ज्यांच्यावर विनोद केला आहे त्यांनीच शेवटी बाजी मारली, असे वाटत राहते.

तिसरा आणि पाचवा हे भाग मला सामान्य वाटले. तिसऱ्यात साथीच्या रोगाच्या चित्रपटांचे आणि पाचव्यात एकामागोमाग एक अशा अनेक चित्रपटांचे विडंबन आहे. मूळ चित्रपट आठवत असेल तोवर ते चालते, नाही तर नाही. पाचव्या भागात व्हिडिओ गेममध्ये तरबेज असल्याची शिक्षा म्हणून रँडलला खऱ्याखुऱ्या पिरॅमिडच्या बांधकामावर जुंपले जाते, तेवढी कल्पना झकास आहे.

सहाव्या भागात लेखकांनी टीकाकारांना आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. कॉमिक्सच्या एका संमेलनात चाहते तक्रार करतात की मालिका मूळ चित्रपटासारखी नाही, त्यात दोघे दुकानात उभे राहून नुसत्या गप्पा मारत असत. झाले, त्यानंतर डान्टे आणि रँडल दुकान सोडायचेच नाकारतात आणि गप्पा मारत राहतात. एरवी मालिकेचे खाद्य ठरले असते असे सारे चित्तथरारक प्रकार बाहेर घडत असताना आपल्याला ते दिसत नाहीत. मालिका बंद पडणार हे अजून कोणाला ठाऊक नसताना या भागाचे नाव ‘शेवटचा भाग’ अशा अर्थाचे ठेवले गेले, हा योगायोग पाहताना सतत जाणवत राहतो.

रेखाटनाबद्दल वेगळे सांगायला हवे. पात्रांची रचना स्टीफन सिल्व्हरची आहे. टोकदार कोपरे, जाड कडा आणि एका नजरेत ओळखू येणारी बाह्याकृती ही त्याची खूण येथे स्पष्ट दिसते. डान्टेचे खांदे पाडून उभे राहणे आणि सायलेंट बॉबचा लांब कोट या दोन आकारांवरूनच स्वभाव कळतात, आणि सायलेंट बॉबसारख्या न बोलणाऱ्या पात्राला त्याचा सर्वाधिक लाभ होतो.

अतिरिक्त सामग्रीत भागांवरची कॉमेंटरी, म्हणजे भाग चालू असताना ऐकू येणारे कर्त्यांचे भाष्य, ऐकावीच अशी आहे. कर्ते आणि नट एकत्र बसून एकमेकांची टर उडवतात, मध्येच विषय सोडून भरकटतात आणि वाहिनीवरचा राग लपवत नाहीत. तो राग कधी कधी रटाळ होतो, पण कोणता विनोद कशामुळे बदलावा लागला याचे तपशील त्यातूनच कळतात. भागांच्या आधी स्मिथ आणि जेसन म्यूज हे अनुक्रमे सायलेंट बॉब आणि ‘जे’ यांच्या वेषात प्रत्यक्ष येऊन प्रस्तावना करतात. त्या एकदा पाहिल्या की पुरे.

‘अनसेन्सर्ड’ या शब्दाला भुलून कोणी हा संच घेणार असेल, तर त्याची निराशा होईल. येथे शिव्याही नाहीत आणि शृंगारही नाही. ही मालिका प्रौढांची आहे ती तिच्या संदर्भांमुळे, आणि खरी अडचणही तेथेच आहे. नव्वदच्या दशकातले अमेरिकी चित्रपट आणि बास्केटबॉलचे खेळाडू परिचयाचे नसतील, तर चार विनोदांपैकी एक हातातून निसटतो. स्त्री-पात्रे जवळपास नाहीतच. गोऱ्या पात्रांच्या घोळक्यात लँडो नावाचे एकच कृष्णवर्णीय पात्र उगाच आणून मालिका इतर मालिकांच्या दिखाऊपणाला चिमटा काढते, पण स्त्रियांच्या बाबतीत तेवढीही सावधगिरी तिने बाळगलेली नाही.

सहा भाग सव्वादोन तासांच्या आत संपतात, त्यामुळे एका बैठकीत सगळी मालिका पाहून होते. चौथा भाग सर्वांत चांगला आहे म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करावी, असा मोह कोणालाही होईल. पण ती सुरुवात एबीसीने एकदा करून पाहिली आहे.